आजीच्या सुती साड्यांची गोधडी, घरच्या घरी आणि हाताने

जुईली_नाशिक

नमस्कार मंडळी,

आजीच्या ट्रंकेतून सुती नऊवारी साड्या, आजोबांची धोतरं आणि काही विरलेल्या चादरी निघाल्या आहेत. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, बोहारणीला द्या, दोन पातेली तरी येतील. मला ते अजिबात पटत नाही. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं सुती कापड दुकानात कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही, कारण तो मऊपणा फक्त वापरानेच येतो. म्हणून यातून गोधड्या शिवायच्या ठरवल्या आहेत. विकतचं म्हणाल तर फक्त सुई आणि दोरा.

माप घेऊन ठेवलं आहे. नऊवारी म्हणजे साधारण ८.२ मीटर. दोन-दोन मीटरचे तुकडे केले तर एका साडीत चार थर निघतात. पन्हा ४५ इंचांच्या आसपास आहे, म्हणजे एका माणसाच्या गोधडीला मध्ये जोड द्यायची गरज पडणार नाही. वरचं आणि खालचं अस्तर चांगल्या साडीचं, आत धोतरं आणि चादरी, असा विचार आहे.

आता अडलंय ते असं. थर किती घ्यायचे? टाके कडेपासून घालत आत जायचं की मधून सुरुवात करायची? दोरा कुठला? आणि एक इरकल आहे, तिचा लाल पदर धुताना रंग सोडतो, तिचं काय करू? ज्यांनी प्रत्यक्ष शिवलीय किंवा घरात शिवताना पाहिलीय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

माणदेशी_वाकळ

जुईलीताई, लई चांगलं ठरवलंत. आमच्याकडं हिला वाकळ म्हणत्यात. उन्हाळ्यात शेतातली कामं आटपली की दुपारच्याला गल्लीतल्या बायका एकीच्या अंगणात जमायच्या आणि एकेकीची वाकळ सगळ्या मिळून उरकायच्या. आज हिची, उद्या तिची. मजुरीचा सवालच नव्हता.

थरांचं सांगते. उन्हाळ्यात अंगावर घ्यायची असंल तर तीन थर बास. थंडीची पाहिजे तर पाच. सातच्या वर जाऊ नका, सुई आरपार निघंना झाली की हात भरून येतो आणि टाका वरच्या वरच राहतो, खालच्या अस्तराला धरतच नाही.

पण थर मोजायच्या आधी कापड बघा. साडी उजेडासमोर धरायची, दारात उभं राहून. जिथनं उजेड जास्त येतो तिथं ती विरलीय. नऊवारी कासोट्याच्या जागी आणि पायाकडच्या काठाला आधी विरते, पदराकडचं कापड टिकून असतं. विरलेला भाग टाकून द्यायचा नाही, तो आत घालायचा. टिकाऊ भाग वर आणि खाली. फाटलंच असंल तर आतल्या थराला आधी ठिगळ लावून घ्या, नाहीतर धुताना आतलं कापड गोळा होतं.

आणि अजून एक, सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेनं ठेवा. एक उभा एक आडवा टाकला की वाकळ धुतल्यावर वाकडी होती.

सुईवाली_पुणे

छान चर्चा. वाकळताईंनी कापडाचं नेमकं सांगितलंय, मी सुई-दोऱ्याचं लिहिते. गोधडी शिकवायला लागल्यापासून मला नेहमी जाणवतं की लोक कापडावर खूप वेळ घालवतात आणि दोरा मात्र हाताला लागेल तो घेतात. गोधडीचं आयुष्य दोऱ्यावर ठरतं.

दोरा शुद्ध सुती घ्या. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून लोकांना आवडतो, पण इथे तोच त्याचा दोष आहे. दोरा कापडापेक्षा दणकट नको. ताण आला तर दोरा तुटला पाहिजे, टाका पुन्हा घालता येतो. दोरा तुटला नाही तर जुनं कापड फाटतं, आणि ते सांधता येत नाही. क्रोशाचा बारीक सुती दोरा चालतो, सहज मिळतो आणि स्वस्त पडतो.

दाभण वापरू नका, ती पोत्यांसाठी. तिने विरलेल्या कापडाला कायमची भोकं पडतात. नाक मोठं पण अंग बारीक अशी लांब सुई हवी. दोरा एका वेळी हातभर, फार तर दीड हात. जास्त लांब घेतला की प्रत्येक टाक्याला तो पाच थरांतून घासत जातो आणि शेवटच्या वीतभर भागात विसविशीत होतो. ओवायच्या आधी मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या, गुंता होत नाही.

टाका कसा पडतो ते नीट सांगते, कारण व्हिडिओत हे दिसत नाही. डावा हात गोधडीच्या खाली असतो. सुईचं टोक खालून तर्जनीला जेमतेम टोचलं की समजायचं, सगळे थर धरले गेले. लगेच त्याच बोटाने खालून कापड किंचित वर ढकलायचं आणि उजव्या हाताने सुई वर वळवायची. असे चार-पाच टाके सुईवरच भरायचे आणि मग एकदम दोरा ओढायचा, पण कापडाला चुण्या पडतील इतका नाही. मधल्या बोटात अंगुस्तान हवंच. खालच्या बोटाला काही दिवसांनी घट्टा पडतो, तोवर चिकटपट्टी गुंडाळा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आला की काम चांगलं जमलं, पण सुरुवातीला लहान टाक्याच्या मागे लागू नका. सारखा टाका जास्त महत्त्वाचा.

गाठ वर दिसू देऊ नका. सुई वरच्या थरात घालून बोटभर अंतरावर काढा आणि हलका झटका द्या, गाठ टुपकन आत जाते. लहान मुलांच्या दुपट्यात तर हे पाळलंच पाहिजे, गाठ अंगाला टोचते.

गणिती_मामा

सुईवालीताईंच्या माहितीला थोडी आकड्यांची जोड देतो. दोरा किती लागेल हे आधीच काढता येतं, म्हणजे अर्ध्यात दोरा संपून दुसऱ्या छटेचा आणायची वेळ येणार नाही.

गोधडीचं क्षेत्रफळ भागिले दोन ओळींमधलं अंतर, एवढंच गणित. २ मीटर लांब आणि १.१५ मीटर रुंद म्हणजे २.३ चौरस मीटर. ओळींत २ सेंटीमीटर अंतर ठेवलं तर २.३ भागिले ०.०२, म्हणजे ११५ मीटर. टाका वरखाली जातो, गाठी मारताना टोकं वाया जातात, त्यासाठी पाव भाग वाढवा. १४५ मीटर धरून चाला. ओळी १ सेंटीमीटरवर घेतल्या तर दुप्पट. गंमत म्हणजे ओळी सरळ घाला की चौकोनात फिरवत आत न्या, दोरा तेवढाच लागतो.

वजनही काढून ठेवा. साडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. नऊवारी पाऊण किलो भरली तर तिचे चार थर तेवढ्याच वजनाचे, पाचव्यासह गोधडी किलोच्या थोडी आत. हे वजन अंगावर जाणवतं आणि माझ्या मते गोधडीच्या उबेपेक्षाही या वजनानेच झोप चांगली लागते. पण भिजल्यावर तीच गोधडी उचलवत नाही, हे थर ठरवताना लक्षात असू द्या. घरात वयस्कर माणूस एकटं राहत असेल तर त्यांना तीन थरांचीच शिवून द्या, त्यांची त्यांना धुता आली पाहिजे.

डाळिंबी

मामा, वयस्करांचा मुद्दा अगदी पटला. माझ्या सासूबाई अजून स्वतःची चादर स्वतः धुतात.

एक विचारायचं होतं. आमच्याकडच्या साड्यांत काही सुती वाटतात पण खात्री नाही, त्या काळात टेरिकॉट पण खूप आलं होतं. आत घातलं तर चालेल का?

सोलापुरी_रंगारी

आमच्या घरात सूत रंगवायचं काम होतं, त्यामुळे या दोन्ही गोष्टी सांगू शकतो, कापड ओळखणं आणि रंग.

कापडाच्या कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून पेटवा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर असेल तर वितळून आक्रसतं आणि टोकाला टणक मणी राहतो. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो. टेरिकॉट मिश्र असतं, थोडी राख आणि थोडा टणक गोळा, दोन्ही मिळतं. डाळिंबीताई, गोधडीत ते नको. घाम शोषत नाही, सुती थरावर सरकतं आणि टाके ओढले जातात. त्याच्या पिशव्या शिवा, दणकट होतात.

आता जुईलींची इरकल. इरकलीचं अंग बहुधा सुती आणि टोप-पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. दोन्ही एकत्र शिवलं तर धुण्यात वेगवेगळं आटतं. पदर कापून बाजूला काढा आणि त्याचा बटवा किंवा उशीचा अभ्रा करा. अंगाचा भाग गोधडीला उत्तम, पण आधी रंग तपासा. पांढरा रुमाल ओला करून कापडावर दाबून चोळायचा. रुमालाला रंग लागला तर कापड कोमट पाण्यात वेगळं धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. तरीही रंग येतच राहिला तर ते कापड पांढऱ्या धोतराशेजारी ठेवू नका, गडद कापडांच्या गोधडीत घाला.

मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. तसं होत नाही. मीठ रंगवण्याच्या वेळी रंग सुतात शिरायला मदत करतं. एकदा रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग मीठ धरून ठेवत नाही. तुरटीचंही तेच, ती वनस्पतीच्या रंगांसाठी, रंगवायच्या आधी वापरायची वस्तू. सुटा रंग धुऊन काढणं हाच एक उपाय.

आणि सगळी जुनी कापडं शिवायच्या आधी एकदा साध्या गरम पाण्यातून काढाच. ट्रंकेतल्या साड्यांत जुनी कांजी राहिलेली असते, तिला कसर लागते. गोधडीच्या आत गेली की ती कळतही नाही.

कारवारची_शमा

सुरुवात कडेने की मधून, या प्रश्नावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या उत्तर कन्नडात हळियाळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाजाची गावं आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. तिथल्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात. पद्धत कडेपासून आत जायची. खाली साडी अंथरलेली असते, आणि वरचे तुकडे आधी एकत्र जोडून घेत नाहीत. एका कोपऱ्यापासून एकेक चिंधी कड दुमडून ठेवायची, धावदोऱ्याने शिवायची, लगेच पुढची ठेवायची. असं चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यभागी शेवटचा तुकडा बसतो. चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घातलेले त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. ती नसली तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. या कवंदी समोर ठेवून पाहिल्या की रंगांची निवड बघून थक्क व्हायला होतं. कुठेही आखणी नाही, मोजपट्टी नाही, आणि तरीही डोळा एका जागी अडकत नाही.

या पद्धतीत कडेपासून आत जाऊनही मध्ये फुगा येत नाही, कारण वरचं कापड शिवता शिवताच घातलं जातं. जितकी जागा उरते तितकंच कापड. पण तुमच्याकडे वर अख्खी साडी आहे. ती कडेपासून बंद करत गेलात तर प्रत्येक फेरीला कापड थोडं आत सरकतं आणि मध्यभागी झोळ जमतो. म्हणून अख्ख्या कापडाची गोधडी असेल तर आधी कच्चे टाके, म्हणजे शेवटी उसवून टाकायचे तात्पुरते टाके, घालून घ्या किंवा मधून सुरू करा. चिंध्यांची असेल तर कडेपासून.

माणदेशी_वाकळ

>>कडेपासून बंद करत गेलात तर मध्यभागी झोळ जमतो

शमाताई, आमच्याकडं अख्ख्या लुगड्याची वाकळबी कडेनंच घालतात, पण कच्चे टाके आधी असतातच. सारवलेल्या जमिनीवर अंथरून चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे, मग मधनं बाहेर हातानं फिरवत फिरवत एकेक थर सपाट करायचा. सगळे थर झाले की वीतवीत लांबीचे टाके, आधी मधोमध आडवे-उभे, मग तिरपे. एवढं केलं की कुठनंबी सुरू करा, काय हलत नाही. शहरात फरशीवर घसरतं, तर खाली जुनी सतरंजी टाका.

शांतिनिकेतनची_आठवण

कांथाची, म्हणजे बंगाली गोधडीची, आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. मी बंगालमध्ये शिकायला होते तेव्हा वसतिगृहाच्या मावशींकडे त्यांच्या आईची कांथा होती. मऊ पांढऱ्या साड्यांचे थर, आणि टाक्यांचा दोरा विकत आणलेला नाही, जुन्या साड्यांच्या काठातून एकेक धागा ओढून काढलेला. म्हणून लाल, निळा आणि काळा एवढेच रंग, काठात असायचे तेच. धावदोराच, पण ओळी सरळ न नेता मासे, कमळ, हत्ती यांच्याभोवती वळवत नेलेल्या, त्यामुळे सगळ्या कापडावर बारीक लहरी उठलेल्या.

जुईली, विरलेल्या नऊवारीच्या काठातून असे धागे निघतात का बघ. मुख्य शिलाईला ते पुरणार नाहीत आणि तितके मजबूतही नसतील, पण कोपऱ्यात एखादं कोयरीचं किंवा कमळाचं चित्र भरायला पुरेसे आहेत. आजीच्याच साडीच्या दोऱ्याने आजीच्या साडीवर काही तरी भरलेलं असेल, याचं मोल मला फार वाटतं.

जुईली_नाशिक

शांतिनिकेतन, हे फारच आवडलं, करणारच. सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

कडांचं कसं करतात? आणि मशीनवर टीप मारून घेऊ असा बहिणीचा आग्रह आहे, एका दिवसात होईल म्हणते.

सुईवाली_पुणे

>>मशीनवर टीप मारून घेऊ

नव्या कापडाची गोधडी असती तर हरकत नव्हती. जुन्या कापडाला मशीनची सुई एका ओळीत अगदी जवळजवळ भोकं पाडते, आणि ताण आला की कापड त्याच ओळीवर फाटतं. शिवाय मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलतो, खालचा मागे राहतो, पाच थरांत ते हमखास वाकडं होतं. बहिणीला मशीन चालवायचीच असेल तर आतल्या थरांचे तुकडे एकमेकांना जोडायचं काम द्या. फक्त ते जोड वेगवेगळ्या थरांत एकाच जागी येऊ देऊ नका, तिथे जाड उंचवटा तयार होतो आणि सुई अडते.

कडांच्या दोन पद्धती आहेत. खालचं अस्तर चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठं ठेवायचं, वर दुमडून घ्यायचं आणि बारीक हातशिलाईने बसवायचं. किंवा साडीचे काठ उभे कापून त्यांची पट्टी चारी बाजूंनी लावायची. मी काठच लावायला सांगेन. गोधडी सगळ्यात आधी कडेला झिजते, कारण अंगावर ओढताना हात तिथेच जातो, आणि काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असते. दिसतंही देखणं. गंगा-जमनी काठ असतील तर एका जोडीला एक रंग, दुसऱ्या जोडीला दुसरा.

अटलांटाकर

इथे अमेरिकेत राहून हा धागा वाचताना खूप बरं वाटतंय. आमच्या शेजारच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणावरचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान् पिढ्या शेतात घालायच्या कपड्यांच्या तुकड्यांपासून गोधड्या शिवत आल्या, थंडीसाठी आणि भिंतींच्या फटी बुजवण्यासाठी. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. आपल्याकडच्या वाकळांना अजून तेवढं मोठं दालन मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

माझा प्रश्न व्यवहाराचा. इथे नऊवारी नाहीत, मुलांच्या जीन्स आणि टीशर्ट आहेत. चालतील का? आणि धुण्याचं मशीन?

सुईवाली_पुणे

जीन्सला हातशिलाई करू नका, दोन थरांतच हात दुखून येतो. तिच्या चौकोनांची मशीनवर शिवलेली बसायची चटई चांगली होते. टीशर्टचं कापड विणीचं असतं, ताणलं जातं, त्यामुळे आत थर म्हणून नको. त्याच्या लांब पट्ट्या काढा, तीन-तीनाची वेणी घाला आणि ती गोल गुंडाळत हाताने सांधत जा, पायपुसणं होतं. पाणी शोषायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. गोधडीसाठी जुन्या सुती चादरी आणि उशांचे अभ्रे बघा, तिकडे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांत मिळत असतील.

धुण्याच्या मशीनमध्ये हाताने शिवलेली गोधडी टाकायची असेल तर मोठ्या जाळीच्या पिशवीत, थंड पाण्यात, पिळण्याचा वेग अगदी कमी ठेवून. ड्रायर नको.

आई_दोघांची

मोठ्यांचं गोधडीचं काम चालू असताना मुलांना काय द्यायचं? माझी दोघं पाच आणि आठ वर्षांची आहेत, सुई इतक्यात हातात द्यायची नाहीये.

कोकणातली_मी

कागदाचा लगदा द्या ताई. आमच्याकडे रद्दीच्या टोपल्या आणि परड्या घरोघरी व्हायच्या, धान्य, लसूण, सुक्या मिरच्या ठेवायला.

वर्तमानपत्रं बारीक फाडायची, हे काम मुलांना सगळ्यात प्रिय. पाण्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवायची, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास येतो. मऊ झाली की पिळून खलबत्त्यात कुटायची. मूठभर मेथ्या रात्री भिजवून वाटून त्यात मिसळायच्या. मेथ्यांचा बुळबुळीतपणा चिकटवण्याचं काम करतो, आणि त्या कडू असल्याने किडे-मुंग्या लागत नाहीत. हा मळलेला लगदा पातेलं पालथं घालून त्याला तेलाचा हात लावून वर थापायचा, सगळीकडे सारखा, बोटभरापेक्षा कमी जाडीचा. पहिला दिवस सावलीत, मग उन्हात. पातेल्यापासून आपसूक सुटतो. मुलांना वाटीवर थापायला द्या, लवकर वाळतं आणि त्यांचा धीर टिकतो.

वाळल्यावर गेरूचे दोन हात द्यायचे आणि तांदळाच्या पिठाने वर चित्रं काढायची. नुसतं पीठ आणि पाणी घेतलं तर वाळून झडतं, त्यात थोडा डिंक भिजवून घाला. वारली चित्रांत ब्रश म्हणून बांबूची काडी टोकाला चावून तंतू सुटे करून वापरतात, मुलांना ती फार आवडते. डहाणूकडच्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक सुवासिनी काढायच्या. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदावर, कापडावर आणून जगासमोर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रं दाखवून मुलांना एवढंच सांगा की दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस उभा राहतो. पुढचं ती स्वतः करतात.

एक सूचना. या टोपल्यांत ओलं काही ठेवायचं नाही आणि खायचा पदार्थ ठेवायचा असेल तर खाली केळीचं पान किंवा कापड घाला, छपाईची शाई असते.

आई_दोघांची

वा! उद्याच रद्दी भिजवते. धन्यवाद ताई.

डाळिंबी

गोधडी झाल्यावर उरलेल्या चिंध्यांचंही कुणी लिहा ना. आमच्याकडे धोतराच्या चिंध्या पिळून काकड आरतीचे काकडे करायचे, तेवढंच मला माहीत आहे.

माणदेशी_वाकळ

काकडे झालेच. शिवाय डोक्यावर घागर ठेवायला चुंबळ, पान-सुपारीला चंची, दळणाच्या पिशवीचं बंद. अगदी बारीक चिंध्या राहिल्या तर त्या उशीत भरायच्या, पण उशीचं अस्तर घट्ट विणीचं घ्या नाहीतर धागे बाहेर येतात.

धुण्याचं राहिलं. वाकळ महिन्याच्या महिन्याला धुवायची नाही. आठवड्याला कडक उन्हात दोन्ही बाजूंनी टाका, तेवढ्यानं बास होतं. धुवायची तर रिठ्याच्या किंवा साध्या साबणाच्या पाण्यात भिजवून पायानं तुडवायची, घासायची नाही. पिळायची पण नाही, घडी घालून दगडावर पाणी निथळू द्यायचं. आणि ओली वाकळ दोरीला एका कडेनं टांगू नका, सगळं वजन वरच्या ओळीच्या टाक्यांवर येतं. दोन दोऱ्या शेजारी बांधून त्यांच्यावर आडवी टाका नाहीतर खाटेवर.

जुईली_नाशिक

सगळं वहीत उतरवून घेतलं आहे. ठरलं ते असं. पहिली गोधडी पाच थरांची. वर आजीची हिरवी चौकडीची, खाली निळी. आत आजोबांची दोन धोतरं आणि एका चादरीचे तुकडे. इरकलीचा पदर काढून बटव्यासाठी ठेवला. अंगाचा रंग तपासला, रुमाल स्वच्छ राहिला, म्हणून तिचे काठ पट्टीला घेणार आहे. ओळी २ सेंटीमीटरवर, पांढरा दोरा, १४५ मीटर, मामांच्या हिशोबाने. पुढची तीन थरांची, आईसाठी.

आता कच्चे टाके घालायला बसते. ते साध्या पांढऱ्या दोऱ्याने घातले तर चालतील ना?

सुईवाली_पुणे

नको. शिलाईचा दोरा पांढरा आहे ना, मग कच्चे टाके लाल किंवा काळ्या दोऱ्याने घाल, पण रंग न सोडणाऱ्या. शेवटी ते उसवताना पांढऱ्यात पांढरं सापडत नाही आणि चुकून पक्का टाका कापला जातो.